खालील संज्ञा स्पष्ट करा

हूऱ्यातला तिसरा मजला. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
मनामाच्या या गल्लीत संध्याकाळी
पाच मुलं इतिहास शिकायला येतात माझ्याकडे.
धडा बारावा, ठळक अक्षरांतले शब्द.
मी सांगते इंग्रजीत
आणि वहीच्या कडेला पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवते,
कारण मला पटायचं ते मराठीतच पटतं.

साम्राज्यवाद.
हा शब्द कोऱ्या स्टीलच्या डब्यासारखा,
अजून कुणाचं नाव न घातलेला.
वापरून झिजलेले शब्द वेगळेच:
तैनाती फौज, खंडणी, मांडलिक.
आणि खालसा.
हा शब्द उच्चारताना सांगलीची आत्या
अजूनही आवाज खाली आणते,
जणू साहेब बाहेर बाकावर बसून ऐकतोय.

नूफला सोडायला तिचे आजोबा येतात, बू-जासिम,
आणि दाराशीच खुर्ची ओढून बसतात.
आज त्यांनी विचारलं, फळ्यावर काय लिहिलंय?
म्हटलं, संरक्षित राज्य.
बाहेरच्यांपासून जपायचं कुणीतरी,
बदल्यात बाहेर कुणाशी बोलायचं नाही आपण.

ते हसले. आपल्या बंदरी हिंदीत म्हणाले,
माझा आजा गव्वास होता.
नाकाला हाडाचा चिमटा, पायाला दगड,
मोत्यांसाठी बारा बारा वाव खाली.
वर गलबतावर सैब बसलेला, दोर धरून.
खालून हिसका आला की तो ओढून घेणार.
जपायचा तो. खोटं कशाला बोलू?
पण पुन्हा खाली कधी जायचं
हेही वरच ठरायचं.

एकदा दोर रिकामा वर आला.
आजा नाही आला, पण त्याची वही आली,
उचल घेतलेले तांदूळ, खजूर, रुपये,
सगळं माझ्या बापाच्या नावावर.
नाखुद्याची वही कधी बुडत नाही.

(नाखुदा. मी कडेला लिहिलं: नाखवा.
तो आमच्याकडे आला तेव्हा
वही सोबत आणली होती का त्याने?)

"रुपये?" जोएलने विचारलं.
रुपयेच, बू-जासिम म्हणाले, मुंबईचे.
तिकिटंही तुमचीच, वर आमच्या बेटाचा ठसा मारून.
आणि मला, काय सांगू, क्षणभर बरं वाटलं.
आपला रुपया! इथपर्यंत!
मग त्या बरं वाटण्याला धरून
मी तशीच उभी राहिले, उष्टा हात घेऊन
नळ शोधणाऱ्या माणसासारखी.

तहाची साफ प्रत कुणी काढली असेल?
कचेरीतला कुणी आपलाच खर्डेघाशा,
कुणी गोडबोले, कुणी परेरा, वळणदार अक्षराचा.
वर राणीचं नाव, खाली शेखाचा शिक्का,
मधली सगळी शाई आपली.

नूफ म्हणाली, मग तुम्ही कोण, मिस?
ज्यांच्यावर राज्य झालं ते, की करणारे?
मी मार्करचं टोपण शोधू लागले.
आमच्या गावाला नऊ तोफांची सलामी होती गं.
त्याआधी आमचेच घोडे
चौथाई वसूल करत फिरले परमुलखात,
आणि त्याला आम्ही मुलूखगिरी म्हणतो, अभिमानाने,
चौथीपासून.
हे तिला सांगितलं नाही. वहीत लिहिलं,
मग खोडलं. खोडलेलं दिसतंय अजून.

तेवढ्यात एसीवाला शफीउल आला,
शिडी खांद्यावर. बादली उचलताना म्हणाला,
मॅडम, कंपनी कागद देत नाही, घरी जायचंय.
माझ्याही कार्डावर कुणाची तरी सही आहे,
दर दोन वर्षांनी.
दोर ताणला जात नाही तोवर आठवत नाही.

मुलं गेल्यावर खाली उतरले.
इराण्याच्या भट्टीतली रोटी, कोल्ड स्टोअरचं दही.
किती झाले? कुंजुमोनने मान न वर करता सांगितलं,
"चार रुबिया."
साठ वर्षं झाली ते नाणं जाऊन.
मी चारशे फिल्स मोजले.
त्याने पुन्हा मोजले.